डाग आधी बघा, आई नंतर

काळंनिळं अंग घेऊन मूल दवाखान्यात आलं की डागाकडे बघायच्या आधी आईकडे बघितलं जातं. तिची साडी, तिची बोली, सोबत आलेल्या नवऱ्याच्या तोंडाला येणारा वास. डागाचा अर्थ मग त्यावरून लागतो. गरिबाच्या पोराच्या अंगावर डाग असला तर कुणीतरी मारलं असणार. बऱ्या घरातल्या पोराच्या अंगावर तसाच डाग असला तर पोर चळवळं आहे, पडलं असेल. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं लहान मुलांचा दवाखाना चालवते, आणि हे दुसऱ्या कुणाचं गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. दोन्ही चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

पहिली चूक ऊसतोडीच्या हंगामातली. कोपीवरून, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवरून, अकरा महिन्यांचा मुलगा आला, ताप होता म्हणून. अंगडं काढलं तर बरगड्यांवर दोन्ही बाजूंना निळसर गोल डाग: पुढं अंगठ्याएवढा एकेक, पाठीकडं बोटांसारखे तीन-चार. दोन्ही हातांत आवळून धरून कुणी गदागदा हलवलं असावं, असेच. बाप दारात उभा, डोळे लाल. आई म्हणाली, "बाई, असंच उठतंय त्याच्या अंगावर. नुसतं उचललं तरी उठतंय." मी मनात म्हटलं, हो, उचलल्यानंच उठतं म्हणे! त्या बाईशी मी त्या दिवशी ज्या आवाजात बोलले तो आवाज मला अजून आठवतो. रक्त तपासलं ते तापासाठी. रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, भरपूर होत्या. दोन दिवसांनी ती पुन्हा आली, कारण कोपराच्या खोबणीत जिथून रक्त काढलं होतं ती जागा लिंबाएवढी फुगली होती. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. जिल्ह्याच्या गावी एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, केली, ती निघाली ९८ सेकंद. तुलनेचा नमुना ३१. रक्त गोठवणारा 'फॅक्टर आठ' हा घटक एक टक्क्याहून कमी. तीव्र हिमोफिलिया, रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात विकार. बापाचे डोळे लाल होते ते पहाटे तीनला फडात जाऊन आल्यामुळे. आणि आईनं निदान पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

दुसरी चूक त्यानंतरच्याच पावसाळ्यातली. तीन वर्षांची मुलगी, आई-बाप दोघंही चांगल्या नोकरीत, मराठी-इंग्रजी दोन्ही अस्खलित. सर्दीसाठी आले होते. कानाच्या वरच्या कडेला आणि कानामागं निळं पडलं होतं. "सोफ्यावरून पडली," बाप हसून म्हणाला. मीही हसले, केसपेपरवर सर्दी लिहिली आणि कानाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. तीन महिन्यांनी ती हात मोडून आली. सोफ्यावरून पडून कानाची कड सहसा निळी होत नाही. पडणारं मूल कपाळावर, हनुवटीवर, कोपरावर आपटतं. कान डोकं आणि खांदा यांच्यामध्ये सुरक्षित असतो. कान निळा होतो तो बहुतेकदा पिळल्यानं किंवा थोबाडीत बसल्यानं. आपल्याकडे कान पिळणं ही शिक्षा मानलीच जात नाही, लाडाचा प्रकार समजतात, त्यामुळे डॉक्टरच्याही नजरेला त्यात काही खुपत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की हिमोफिलिया नजरेतून सुटणं आणि मारहाण नजरेतून सुटणं या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत. आम्ही डाग वाचत नाही, घर वाचतो. ही सवय जाईल ती डॉक्टरला चांगुलपणाचे धडे देऊन नाही. चार वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या बाबतीत, घर न बघता, त्याच क्रमानं त्याच गोष्टी केल्या तरच ती जाईल.

डाग वाचायचा म्हणजे दोन गोष्टी बघायच्या: मूल काय काय करू शकतं आणि डाग कुठं आहे. सिएटलकडच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये एक साधं काम प्रसिद्ध केलं. नेहमीच्या तपासणीला आलेल्या तीन वर्षांखालच्या ९७३ मुलांचे कपडे काढून त्यांनी डाग मोजले. सहा महिन्यांखालच्या ३६६ बाळांत डाग सापडले फक्त दोघांना. धरून धरून चालणाऱ्यांत ते १७.८ टक्क्यांवर गेले आणि स्वतः चालणाऱ्यांत ५१.९ टक्क्यांवर. म्हणजे डुगडुगत चालणाऱ्या पोराच्या नडग्यांवर आणि कपाळावर डाग असणं हे तब्येतीचंच लक्षण. त्याला कुठलीही तपासणी नको, हवी तर आंबेहळद लावा. उलट जे बाळ अजून पालथंही पडत नाही, त्याच्या अंगावरचा वाटाण्याएवढा डागसुद्धा मोठा. आपल्याकडे तो हमखास न्हाऊ घालणाऱ्या मावशींच्या नावावर खपतो. "जरा जोरात चोळलं असेल." सगळ्या मावशी इतक्या जोरात चोळत असत्या तर गावातली निम्मी बाळं निळी दिसली असती.

जागेबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ मेरी क्लाइड पिअर्स यांच्या गटानं २०१० मध्ये एक नियम मांडला आणि २०२१ मध्ये तो वाढवला. चार वर्षांखालच्या मुलाच्या छाती-पोट-पाठीवर, कानावर, मानेवर डाग असला, किंवा चार महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या अंगावर कुठंही असला, तर थांबून विचार करायचा. पुढं त्यात गालाचा मांसल भाग, जबड्याचा कोन, पापण्या, ओठाच्या आतली दोरी आणि कशाचा तरी ठसा उमटलेला डाग यांची भर पडली. हा नियम गुन्हेगार ओळखायचा नव्हे. माझ्या ऊसतोडीच्या मुलाला तो तंतोतंत लागू पडत होता आणि त्याला कुणी बोट लावलं नव्हतं. थांबा, एवढंच तो सांगतो. का ते पुढं शोधायचं असतं.

इथं एक अडचण आमच्या पुस्तकांची. डागांची चित्रं गोऱ्या कातडीवरची. सावळ्या मुलाच्या अंगावर तो जांभळा-हिरवा रंगपट दिसत नाही, नुसती काळसर सावली दिसते, आणि ट्यूबलाइटखाली तीही नाही. खिडकीजवळ नेऊन बघावं लागतं. शिवाय आपल्या किती तरी बाळांच्या कमरेवर आणि कुल्ल्यावर जन्मतःच निळे-राखाडी चट्टे असतात. ते दुखत नाहीत, रंग बदलत नाहीत आणि काही वर्षांत फिके होत जातात. साकळलेलं रक्त मात्र दिवसागणिक रंग बदलतं. आणखी एक: रंगावरून डाग किती दिवसांचा ते ठरवता येत नाही. हिरवट म्हणजे इतक्या दिवसांचा, पिवळट म्हणजे तितक्या दिवसांचा, हे आम्ही शिकलो होतो आणि वर्षानुवर्षं कागदावर लिहीतही आलो. ते टिकणारं नाही.

आता तपासण्या. यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण इथं आमच्या धंद्याची एक जुनी खोड आहे: बीटी-सीटी. बोटाला टोचून रक्त थांबायला किती वेळ लागतो आणि काचेच्या नळीत ते गोठायला किती लागतो, हे घड्याळ लावून बघायचं. टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी, सुंतेआधी, अजूनही गावोगाव हीच चिठ्ठी मागतात. ही चाचणी नॉर्मल आली म्हणून काहीही सिद्ध होत नाही. मध्यम किंवा सौम्य हिमोफिलियाचा मुलगा त्यातून सहज पास होतो आणि ऑपरेशन टेबलावर नापास होतो. ही चिठ्ठी बंद झाली पाहिजे, असं मी इथं स्पष्ट लिहिते; काही लॅबवाले मित्र रागावतील.

त्याऐवजी लागतं ते एवढंच: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), त्यासोबत माणसानं डोळ्यांनी बघितलेला स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब), पीटी आणि एपीटीटी (गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन तपासण्या). स्मिअरवर माझा जोर का? यंत्र कधी कधी गुठळी झालेल्या प्लेटलेट मोजत नाही आणि तीस हजारांचा आकडा छापतं. आई-बाप रात्रभर गाडी हाकत शहरात पोचतात आणि तिथं दीड लाख निघतात. डेंगीनं आपल्याकडे प्लेटलेट हा घरगुती शब्द करून टाकलाय, पपईच्या पानांचा रस प्रत्येकाला माहीत आहे, पण आकड्याची खात्री करायची असते हे कुणाला माहीत नसतं. दुसरं कारण गंभीर. दोन ते पाच वर्षांच्या मुलाच्या अंगावर अचानक लाल टिपके आणि निळे डाग उठले, प्लेटलेट वीस हजारांखाली गेल्या, मूल मात्र खेळतंय, तर बहुतेकदा तो आयटीपी असतो. साध्या सर्दी-तापानंतर शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मोडायला लागतं आणि बहुसंख्य मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात. पण हेच वय रक्ताच्या कॅन्सरचंही. मूल पांढरं पडलंय का, पाय दुखतात म्हणून रात्री रडतं का, गाठी, यकृत, प्लीहा हाताला लागतात का, हे न बघता आणि स्मिअर न करता स्टेरॉइड सुरू केलं, तर कॅन्सर काही काळ झाकला जातो. हे मी पाहिलेलं आहे.

चारही तपासण्या चांगल्या आल्या तरी गोष्ट संपत नाही. व्हॉन विलेब्रँड हा रक्तस्रावाचा सगळ्यात जास्त आढळणारा आनुवंशिक विकार या चारही चाळण्यांतून बऱ्याचदा निसटतो. त्यासाठीची खास चाचणीसुद्धा मूल रडून-ओरडून हैराण असताना केली तर खोटी चांगली येऊ शकते, कारण ताणानं त्याच नावाचा घटक रक्तात वाढतो. फॅक्टर तेरा या गोठवणाऱ्या घटकाची उणीव असली तर पीटी-एपीटीटी दोन्ही नॉर्मल. सुगावा लागतो तो नाळ पडताना वाहिलेल्या रक्तावरून. ग्लांझमान विकारात प्लेटलेट मोजायला पुरेशा असतात, काम करत नाहीत. हे शेवटचे दोन दोघा पालकांकडून आलेल्या दोषानं होतात, म्हणून मामेबहिणीशी, आतेबहिणीशी लग्नं होणाऱ्या घरांत त्यांचा विचार आधी करावा लागतो.

म्हणजे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खोल चाचणी उरते ती बोलणं. नाळ पडताना, कान टोचताना, जावळ काढताना रक्त किती वेळ येत होतं? दीड महिन्याच्या लशीनंतर मांडी किती सुजली? जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिलं होतं का, की बाळंतपण घरी झालं? ताप उतरायला आयबुप्रोफेनचं सिरप चालू आहे का? मामाला गुडघे सुजायचा त्रास आहे का, लहानपणी कुठला मामा रक्त जाऊन गेला का? आणि आईला: तुझी पाळी किती दिवस चालते, किती जातं? हा शेवटचा प्रश्न सासऱ्यासमोर विचारला तर उत्तर येतं "नॉर्मल". सासऱ्याला औषधाच्या दुकानात पाठवून विचारला तर कधी कधी असं उत्तर येतं की त्या बाईचाच व्हॉन विलेब्रँड पंधरा वर्षं न ओळखता राहिलेला निघतो. मामाबद्दल विचारायचं कारण हिमोफिलिया बहुतेकदा आईकडून मुलग्याला येतो. मात्र मामाला काही नाही म्हणून हिमोफिलिया नाही, असं समजू नये. साधारण एक तृतीयांश मुलांत घराण्यात आधी कुणालाच नसतो.

आता सरकारकडे वळते. हिमोफिलिया ए पाच हजार मुलग्यांमागे साधारण एकाला होतो. महाराष्ट्रात वर्षाला अंदाजे अठरा लाख बाळं जन्मतात असं धरलं, तर दरवर्षी पावणेदोनशेच्या वर मुलगे या एकाच आजाराचे. ते पहिल्या वर्षी ओळखले गेले तर सांधे वाचतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, जिल्ह्यांत या रुग्णांना फॅक्टर देणारी डे-केअर केंद्रं आहेत, परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. वरचा मजला बांधलेला आहे, जिना नाही. कोपीपासून परळपर्यंतचा रस्ता डाग बघणाऱ्या पहिल्या माणसापासून सुरू होतो, आणि त्या माणसाला डाग बघायला कुणी सांगितलेलंच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासणारं पथक येतं. त्याच्या मूळ तीस विकारांच्या यादीत फाटलेला ओठ आहे, वाकडा पाय आहे, किडके दात आहेत. रक्तस्रावाचा विकार नाही. नवा कार्यक्रम काढा असं मी म्हणत नाही. त्या तक्त्यात एक ओळ घाला: विनाकारण निळे डाग उठतात का, रक्त लवकर थांबत नाही का. आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा बाळ उघडं करून वजन करते. त्या वयाच्या बाळावर कुठलाही डाग दिसला की त्याच दिवशी पाठवायचं, एवढं तिच्या पुस्तिकेत असू द्या.

आणि निळ्या झाकणाची नळी. गोठण्याच्या तपासणीचं रक्त त्या नळीत खुणेपर्यंतच भरावं लागतं. कमी भरलं तर एपीटीटी खोटी वाढते. नमुना साधारण चार तासांत यंत्रावर चढावा लागतो. प्राथमिक केंद्रांतून नमुने गोळा करत फिरणारी गाडी संध्याकाळी पोचते, तोवर त्या रक्ताचा उपयोग संपलेला असतो. म्हणून हे यंत्र ग्रामीण रुग्णालयातच हवं. साप चावलेल्या माणसालाही तेच लागतं, त्यामुळे लहान मुलांसाठी एवढा खर्च कशाला, असं म्हणायची सोय नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला सहकाऱ्यांचा: प्रत्येक धडपड्या पोराचं रक्त काढत बसायचं का? मुळीच नाही. नडगीवरच्या डागासाठी रक्त काढणारा डॉक्टर माझ्या मते दुप्पट चुकतो, मुलाला विनाकारण टोचतो आणि आईच्या मनात भूत घालतो. कपडे काढून बघणं प्रत्येकाचं, रक्त मोजक्यांचं.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा: डॉक्टरनं पोलीस व्हायचं का? गावात राहायचंय, उद्या दवाखान्यावर दगड येतील. हा धाक खरा आहे, मी त्याची चेष्टा करणार नाही. पण २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांत, महाराष्ट्र आणि गोवा धरून, १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला, त्यात तिघांपैकी दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. ती सगळी मुलं पाच वर्षांच्या पुढची, बोलू शकणारी. पाचाखालच्यांना कुणी विचारलं नाही, विचारता येतही नाही. त्यांच्या वतीनं बोलतो तो फक्त त्यांच्या अंगावरचा डाग. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं, जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, मुलांच्या मदतीचा १०९८ हा फोन १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाला. यंत्रणा गचाळ चालते हे मला माहीत आहे. तरी केसपेपरवर डागाची जागा, माप आणि पालकांनी सांगितलेलं कारण त्यांच्याच शब्दांत लिहायला कुठलं धाडस लागत नाही. कानाचा डाग मी तेव्हा लिहिला असता, तर तीन महिन्यांनी हाडवैद्यासमोर तो कागद असता.

आणि एक गोष्ट दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवायची. आजार सापडला म्हणजे मारहाणीचा प्रश्न मिटला असं नाही. हिमोफिलियाच्या मुलालाही कुणी मारू शकतं. मारहाण कबूल झाली म्हणजे रक्त तपासायची गरज संपली असंही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये मारहाणीच्या संशयात करायच्या रक्ततपासण्यांची यादी दिली, ती याचसाठी. तिकडे घसरण उलट दिशेनं होते. १९६२ मध्ये तिथले बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप यांनी मार खाल्लेल्या मुलांवर लेख लिहिला आणि पाच वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांत मारहाणीचा संशय आला तर कळवण्याचे कायदे झाले. पाळणाघरातली बाई निळा चट्टा बघून फोन करते, कारण तिला करावाच लागतो. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहणाऱ्या माझ्या भाच्यांना म्हणून मी सांगते की बाळाच्या कमरेवरचे जन्मचट्टे पहिल्याच तपासणीत डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या. तिथला कायदा मला कधी कधी दांडगा वाटतो. पण तो फोन करताना त्या बाईला मुलाच्या आईची साडी बघावी लागत नाही, हेही खरं.

ऊसतोडीचा तो मुलगा आता शाळेत जातो. कारखाना बदलला की त्याची आई फॅक्टरच्या कार्डाची झेरॉक्स नव्या गावच्या दवाखान्यात आधी नेऊन देते. मुकादमाला तिनंच ठणकावून सांगितलंय की पोराला मांडीत इंजेक्शन द्यायचं नाही.

मी गावातल्या शिक्केवाल्याकडून एक शिक्का करून घेतलाय: लहान मुलाच्या शरीराची बाह्यरेषा, पुढून आणि मागून. चार वर्षांखालचं मूल सर्दीसाठी आलं तरी केसपेपरवर तो उमटवते, कपडे काढते आणि जे दिसेल ते पेनानं त्यात काढते. बहुतेक चित्रं कोरीच राहतात, नाहीतर नडगीवर दोन ठिपके. परवा एका नव्या डॉक्टर जोडप्याचं बाळ आलं होतं. शिक्का बघून आई जरा ताठरली. "हे कशाला, मॅडम?"

"सगळ्यांचंच करते," मी म्हटलं, आणि त्यांना बाळाचं अंगडं काढायला सांगितलं.